दहा बाय दहाच्या खोलीतलं गाणं

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'गिटारवर मराठी गाणं रचताना'. त्याकडं मी येणारच आहे. पण रचलेलं गाणं शेवटी घरीच रेकॉर्ड करायचं असतं, आणि तिथं पहिला प्रश्न ठरलेला: कुठला माइक घेऊ? खोलीची लांबी-रुंदी कुणी सांगत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून आधी हेच बोलतो.

हात वर करा, किती जणांची खोली दहा बाय दहा आहे? आणि छतही दहा फुटांवर? बघा, अर्धं सभागृह. आता गणित करू. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. त्याला लांबीच्या दुपटीनं भागलं की ५६ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५६ कंपनं येतात, आणि त्याची दुप्पट ११२. या सुरांवर खोली आपसूक घुमते. गिटारची पाचवी तार, म्हणजे ए स्वर, मोकळी छेडली की ११० हर्ट्झ. लांबी, रुंदी, उंची सारखी, म्हणून तिन्ही दिशांना हाच आकडा. त्यात मोठ्या अकूस्टिक गिटारच्या पोटातली हवाही १०० हर्ट्झच्या आसपास घुमते. तुम्ही ए कॉर्ड वाजवता आणि अख्खी खोली 'हूंऽऽ' करते. मग माणूस महागडा माइक आणतो, आणि तो माइक तेच घुमणं आणखी स्वच्छ टिपतो. ईक्यूनं, म्हणजे ठरावीक सुरांचा आवाज कमी-जास्त करायच्या सोयीनं, ११० खाली ओढलं तर मूळ स्वर पातळ होतो. घुमणं विरायला लागणारा वेळ मात्र तेवढाच राहतो.

उपाय फुकटचा आहे. खोलीच्या ऐन मध्यावर ११२ चा दाब सगळ्यात जास्त, भिंतीला चिकटूनही तसाच. भिंतीपासून पाव अंतरावर, म्हणजे अडीच फुटांवर, सगळ्यात कमी. तिथं गिटार असली की खोलीला घुमवायला तिला जोर मिळत नाही. म्हणून दोन भिंतींपासून अडीच-तीन फूट सोडून बसा. उंचीचं काम खुर्ची करते, कारण मांडीवरची गिटार जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपासच येते. खोली अकरा बाय नऊ असेल तर आकडे बदलतील. घरी गेल्यावर टेप घेऊन मोजा.

आता वरच्या पट्टीतला त्रास. जोरात टाळी वाजवा. मागोमाग 'टर्रर' आलं तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज परतवतायत. इथं लोक अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल चिकटवतात. कळकळीनं सांगतो, ते काढा. पातळ पुठ्ठा आवाज फारसा शोषत नाही, आणि थर्माकोलची छिद्रं बंद असतात, हवा आत शिरतच नाही. हवा आत शिरून धाग्यांत घासली पाहिजे, तरच आवाज मरतो. आणि आपल्याकडं घोंगडी आहे! पट्टणकोडोलीच्या यात्रेतली जाड लोकरीची घोंगडी दुहेरी करून भिंतीपासून चार इंच पुढं, दोरीवर टांगा. भिंतीला चिकटवू नका. चार इंचांच्या पोकळीमुळं साधारण ८५० हर्ट्झ आणि त्याच्या वरचं बरंच काही ती शोषते. घोंगडी नसेल तर घरातली वाकळ चालेल. पण यातलं काहीही ११२ ला थांबवणार नाही. ते काम बसायच्या जागेचं.

माइक गिटारच्या दांडीवरच्या बाराव्या फ्रेटसमोर, म्हणजे बाराव्या धातूच्या पट्टीसमोर, आठ ते दहा इंचांवर, तोंड किंचित गिटारच्या भोकाकडं. थेट भोकासमोर धरला की मघाची शंभर हर्ट्झची हवा फुंकरीसारखी आत येते. लेव्हल अशी ठेवा की सगळ्यात जोराचा फटका उणे १० डेसिबलच्या वर जाणार नाही. २४ बिटमध्ये हळू रेकॉर्ड झालेलं नंतर वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही. पंखा बंद. ५० किंवा १०० हर्ट्झची घरघर आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर घ्या, बऱ्याचदा तिथंच मिटतं. आणि आपला जुलै-ऑगस्ट! गिटारचं लाकूड ओल पिऊन फुगतं, तारा फ्रेटपासून वर जातात, बोटं दुखतात. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के हवी. वाद्य केसमध्ये, सोबत सिलिका जेलच्या पुड्या.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं उरलीत. विषयाकडं येतो, भरभर ऐका.

इंग्रजी गाण्याचा साचा घेऊन त्यात मराठी शब्द कोंबले की शब्द भलतीकडंच तुटतात. आपल्याकडं साचा तयार आहे: मोठा अभंग. चार चरण, अक्षरं सहा, सहा, सहा, चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. आत्ता उदाहरणासाठी करू: 'पाऊस थांबला, रंकाळा निवांत, दिवे त्या पाण्यात, हलतात.' मोजा बोटांवर.

प्रत्येक चरणाला केरव्याच्या आठ मात्रा द्या. सहा अक्षरं, आठ मात्रा, दोन उरतात. त्या दीर्घ अक्षरांना वाटा: 'थां'ला, 'ला'ला. 'पाऊस'मधला 'स' ताणलात तर शब्द मेला. शेवटच्या चरणात चारच अक्षरं, ती पहिल्या चार मात्रांत संपवा. उरलेल्या चार मात्रा गिटारच्या. तुमचा छोटा तुकडा तिथं, गाण्यावर नाही.

कॉर्ड तीनच: पहिल्या चरणाला जी, दुसऱ्याला सी, तिसऱ्याला डी, चौथ्यात पुन्हा जी. यमक डीवर येतं, त्यामुळं कान पुढं ओढला जातो आणि चौथा चरण घरी येतो.

पट्टीचं तेवढं राहिलं. ज्या कोल्हापुरात देवल क्लबसारखी गाण्याची संस्था आहे, जिथं जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब राहिले, तिथं तरी बोटांना सोपं म्हणून जीमध्ये गाऊ नका. आधी पेटीवर गळ्याचा सा शोधा. तो काळी एक निघाला तर चौथ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावा आणि ए, डी, ई धरा. बोटं सोपी राहतात आणि गळा आपल्या जागी. मघाच्या ओळीही तशाच बसतात, जीच्या जागी ए, सीच्या जागी डी, डीच्या जागी ई. गिटार कुणी आणलीय का? द्या इकडं, अजून दोन मिनिटं आहेत.