चौदा थाऊची तार

(उद्यमनगर, सकाळ. शटर वर जातं. लेथचा आवाज.)

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ढोबळ माप सुतात आणि बारीक माप थाऊत सांगतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आज माडीवर चौदा थाऊच्या तारेचं काम आहे. मिलिमीटरमध्ये 0.36. ही तार रक्तवाहिनीत पुढं सरकते आणि तिच्यावरून मायक्रोकॅथेटर नावाची पोकळ नळी.

(टेबल. सिलिकॉनचं पारदर्शक झाड.)

या यकृताच्या धमन्या. आत पाणी आणि ग्लिसरीन, रक्ताइतकं दाट, 37 अंशांवर. पंप ठोके देतोय. सिलिकॉन खऱ्या रक्तवाहिनीपेक्षा जास्त धरून ठेवतं, म्हणून थोडा साबणही घातलाय.

यकृताला बरंचसं रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं, पण तिथल्या कर्करोगाच्या गाठी बहुतेक धमनीवर पोसतात. म्हणून जांघेतून किंवा मनगटातून नळी नेऊन औषध थेट गाठीच्या फांदीत सोडता येतं. जितकं आत पोचू, तितकं चांगलं यकृत वाचतं.

अडतं ते फाट्यांवर. नेहमीच्या पद्धतीत तारेचं टोक बोटांनी वाकवून आत घालतात. कोन चुकला की तार बाहेर, पुन्हा वाकव, पुन्हा आत. आज तपासतोय ती नळी सुकाणू असलेली. तिच्या भिंतीत ओढतारा असतात. बाहेरची चकती फिरवली की आतलं टोक वळतं.

(क्लोजअप: आलेख कागदावर नळीचं टोक.)

मोकळ्या टेबलावर चकती फिरवली तर टोक जवळजवळ मागं वळून बघतं. आता नळी झाडात घातली. तीन वळणं पार. चकती तेवढीच फिरवली, टोक मात्र निम्म्यावरच थांबलं. चकती सोडली, तरी क्षणभर वाकडंच. मग टुणकन उडी.

ही उडी वाईट. बारीक रक्तवाहिनीची भिंत तिला सोसेलच असं नाही.

खालून चहा घेऊन आलेले लेथवरचे मामा वाकून बघतात.

"मॅडम, ही तर गाडीची क्लच केबल हाय. लई वळणं दिली की जड जानारच की ओ."

रेडिओलॉजिस्ट मॅडम हसतात, पण निदान बरोबर आहे. नळी किती लांब यापेक्षा ती एकूण किती वळली, यावर ओढ किती वाया जाते ते जास्त ठरतं. मोकळ्या टेबलावरचा कोन छापील माहितीत छान दिसतो. आम्हाला तिसऱ्या वळणानंतरचा हवा होता.

(झाडावर कापड. फक्त कॅमेऱ्याचा पडदा.)

शेवटची फांदी उलट्या दिशेला फुटते. मॅडम चकती जरा जास्त फिरवतात, थांबतात, मग किंचित मागं घेतात. टोक स्थिरावतं. तार पुढं. एकदा भिंतीला टेकते, मागं येते, परत पुढं.

गेली.

मामांचा चहा गार झालाय. खाली लेथ बंद, जेवणाची सुट्टी.