दरवाजा, कळ आणि तीन पायांचे भांडे

एका व्हिडिओ गेमच्या पडद्यावर लाल झग्यातील एक आकृती उभी आहे. तिचा चेहरा झाकलेला आहे, तिला नाव नाही, आणि ती स्वतः एक शब्दही बोलत नाही. तिच्यासमोर बंद दरवाजा आहे, जवळच एक कळ आहे आणि त्या कळीपाशी काही रेषा ओढलेल्या आहेत, ज्यांना अजून अक्षरे म्हणावे की नक्षी, हेही ठरलेले नाही. कळ एका बाजूला नेली की दरवाजा उघडतो, दुसऱ्या बाजूला नेली की मिटतो. एवढ्या हालचालीतून पाहणाऱ्याच्या मनात दोन शक्यता उभ्या राहतात: हे चिन्ह ‘उघड’ असावे आणि ते ‘बंद कर’ असावे. या गेममधील सगळे व्याकरण, सगळा इतिहास आणि सगळी भांडणे पुढे अशाच एका ‘असावे’वर रचली जातात.

‘चँट्स ऑफ सेनार’ हा गेम ५ सप्टेंबर २०२३ रोजी प्रकाशित झाला. रंडिस्क या छोट्या फ्रेंच स्टुडिओने तो तयार केला आणि फोकस एंटरटेनमेंटने तो बाजारात आणला. त्याच वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सामाजिक आशयाच्या खेळांसाठी असलेल्या विभागात त्याला नामांकन मिळाले होते. नावातील ‘सेनार’ हा बायबलमधील शिनार देश होय. उत्पत्तीच्या अकराव्या अध्यायात याच देशातील मैदानावर माणसे आकाशाला भिडणारा बुरूज बांधू लागतात आणि त्यांच्या भाषेचा घोटाळा करून देव त्यांना पांगवतो. गेमचे कथानक त्या घोटाळ्यानंतर सुरू होते. बुरूज उभा आहे, माणसे पांगलेली नाहीत, ती वेगवेगळ्या मजल्यांवर राहतात. मात्र खालच्या मजल्याचे बोलणे वरच्या मजल्याला कळत नाही. सर्वांत खाली भक्त, त्यांच्या वर योद्धे, मग कलावंत, मग किमयागार आणि शेवटी जगापासून तुटलेले एकांतवासी, अशी ही पाच समाजांची उतरंड आहे, आणि प्रत्येक समाजाची लिपी निराळी आहे.

या लिप्यांमध्ये एक चिन्ह म्हणजे एक शब्द. अक्षरे जुळवून शब्द वाचायचा नाही, उच्चार शोधायचा नाही. चिन्हाला भिडायचे ते थेट अर्थाच्या बाजूने. त्यामुळे खेळाडूचे खरे साधन म्हणजे त्याच्या हातातील वही. नवे चिन्ह दिसले की ते वहीत उतरते आणि त्याच्याखाली आपल्याला जो अर्थ वाटतो तो लिहिता येतो. त्यानंतर ते चिन्ह पुन्हा कोठेही भेटले, एखाद्या भिंतीवर, फलकावर किंवा कोणाच्या तोंडी, की आपणच लिहिलेला तो अंदाज त्याच्या ठिकाणी दिसू लागतो. अंदाज चुकलेला असेल तर वाक्य विचित्र होते. ‘मी दरवाजा शोधतो’ असे एखादा माणूस म्हणत असेल आणि दरवाजा तर त्याच्या पाठीशीच असेल, तर गोंधळ त्या माणसाच्या बोलण्यात नसून आपल्या वहीत आहे, हे हळूहळू ध्यानात येते. आपली चूक लाल अक्षरांत दाखवली जात नाही. ती एखाद्याच्या वागण्याशी विसंगत ठरते आणि त्या विसंगतीतून उघडी पडते. गेमच्या रचनेतील सर्वांत सूक्ष्म काम मला येथे झालेले दिसते.

अंदाज पक्के होण्याची रीतही विचारपूर्वक ठरवलेली आहे. वहीच्या पानांवर मधूनमधून काही रेखाचित्रे उमटतात: नमस्कार करणारा माणूस, दार, पाठलाग, देवळातील मूर्ती. प्रत्येक चित्रासमोर योग्य ते चिन्ह ठेवायचे असते आणि समोरासमोरच्या दोन पानांवरील सगळी चिन्हे एकाच वेळी बरोबर असतील तरच ती मान्य होतात. एकेक चिन्ह ठोकून पाहून, चुकले तर दुसरे, अशी आंधळी चाचपणी त्यामुळे फारशी उपयोगी पडत नाही. २०१८ मधील ‘रिटर्न ऑफ द ओब्रा दिन’ या गेममध्येही हीच युक्ती वेगळ्या कामासाठी वापरली होती. तेथे जहाजावरील माणसांचे काय झाले याविषयीचे निष्कर्ष तीन-तीनच्या गटाने मान्य होत. दोन्ही ठिकाणी हेतू एकच: खेळाडूला खात्री द्यायची, पण ती त्याने कमावल्यावर.

शब्द कळले म्हणजे भाषा कळली असे मात्र होत नाही, आणि याची जाणीव मजला बदलला की होते. भक्तांच्या लिपीत अनेकवचन करायचे तर चिन्ह दोनदा लिहितात. माणूस-माणूस म्हणजे माणसे. ‘घरोघर’, ‘जागोजाग’, ‘लहान लहान’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला ही द्विरुक्ती परकी वाटत नाही. योद्ध्यांकडे गेल्यावर ही सवय मोडते, कारण त्यांनी अनेकवचनासाठी स्वतंत्र चिन्हच ठेवलेले आहे. ते पहिल्यांदा भेटते तेव्हा खेळाडू त्याला एखादी वस्तू समजून बसतो आणि बराच वेळ ती वस्तू शोधत फिरतो. कलावंतांच्या भाषेत शब्दांचा क्रमच फिरतो: आधी कर्म, मग कर्ता, शेवटी क्रियापद. इंग्रजी किंवा फ्रेंच वाक्याची सवय असलेल्याला येथे ठेच लागते. मराठीत ‘पुस्तक मी वाचले’ हे वाक्य कोणालाही खटकणार नाही. पण मराठीला हे परवडते ते विभक्तिप्रत्ययांच्या आणि क्रियापदाच्या रूपांच्या बळावर. कलावंतांच्या चिन्हांना प्रत्यय नाहीत. तेथे कोणी कोणाला पाहिले हे केवळ जागेवरून ठरते आणि जागा चुकली की शिकारी सावज होतो. किमयागारांकडे शब्दांच्या जोडीला संख्याही वाचाव्या लागतात, आणि मजेची गोष्ट अशी की संख्या वाचणे शब्द वाचण्यापेक्षा सोपे वाटते. याचे कारण लेखाच्या शेवटाकडे येईल.

जाता जाता एक गोष्ट बोलावीशी वाटते. भाषा रचणाऱ्यांनी वचन आणि शब्दक्रम यांच्याशी खेळ केला, पण सर्वनामांना फारसा हात लावला नाही. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद, म्हणजे ऐकणारा आपल्यात धरला आहे की वगळला आहे, हा मजल्यामजल्यांत विभागलेल्या बुरुजासाठी किती उपयोगाचा ठरला असता! एकाच चिन्हाच्या फरकाने दार उघडले असते किंवा तोंडावर बंद झाले असते.

समाजांची एकमेकांविषयीची मते मात्र शब्दकोशात नेमकी उतरली आहेत. भक्त स्वतःला भक्त म्हणवतात. योद्ध्यांच्या भाषेत त्याच माणसांसाठी जे चिन्ह आहे त्याचा अर्थ ‘अपवित्र’ असा आहे, तर वरच्या मजल्यावरच्यांना ते ‘निवडलेले’ म्हणतात. खेळाडू एका मजल्यावर एखाद्या समाजाला त्याच्याच शब्दांत ओळखतो आणि पुढच्या मजल्यावर त्याच माणसांचे चित्र दुसऱ्या नावाखाली पाहतो. हे कोणी समजावून सांगत नाही. वहीत दोन चिन्हे शेजारी येतात आणि दोघांखाली एकाच समाजाचे चित्र असते, एवढेच. पुढे बुरुजात अशी यंत्रे सापडतात ज्यांच्या पडद्यावर दोन मजल्यांची माणसे समोरासमोर येतात आणि मध्ये दुभाषा म्हणून खेळाडूला उभे राहावे लागते: एकाचे वाक्य घ्यायचे, ते दुसऱ्याच्या चिन्हांत, दुसऱ्याच्या शब्दक्रमाने आणि दुसऱ्याच्या अनेकवचनाने मांडायचे. वाचणे आणि लिहिणे यांतील अंतर या ठिकाणी जाणवते. जे वाचताना संदर्भाने निभावून जात होते, ते लिहिताना निभावत नाही.

गेममध्ये उणिवा आहेत. पहारेकऱ्यांच्या नजरा चुकवत सरपटण्याचे जे प्रसंग मध्ये घातले आहेत, त्यांचा भाषेशी संबंध नाही आणि ते नसते तर काही बिघडले नसते. दुसरी उणीव अधिक मुळातली आहे: पाचही भाषांतील शब्द बहुतेक वेळा एकास एक जुळतात. खऱ्या भाषांमध्ये एका भाषेतला ‘भाऊ’ दुसऱ्या भाषेत थोरला आणि धाकटा असा दुभंगतो, एकीतला निळा दुसरीत हिरव्यात मिसळतो. शब्दांच्या या वाकड्यातिकड्या कडा गेमने घासून सरळ केल्या आहेत. खेळता यावे म्हणून ते करावे लागले असेल, हे मान्य करूनही ते घासणे दिसते.

अनोळखी लिपी असलेले इतर गेम पाहिले तर बहुतेकांत भाषा नसते, कूटलिपी असते. २०१२ च्या ‘फेझ’मध्ये विचित्र चौकोनी खुणा आहेत, पण प्रत्येक खूण म्हणजे इंग्रजीचे एक अक्षर. तिची किल्लीही एका दृश्यात लपवली आहे: निवांत पडलेला कुत्रा आणि उडी मारणारा कोल्हा, म्हणजेच इंग्रजीची सगळी अक्षरे सामावणारे ते प्रसिद्ध टंकलेखनाचे वाक्य. २०२२ च्या ‘ट्युनिक’मधील लिपी याहून चतुर आहे, तिच्या एकेका चिन्हात स्वर आणि व्यंजन एकमेकांवर रचलेले असतात, काहीसे आपल्या बाराखडीसारखे, आणि ती स्पेलिंग न लिहिता उच्चार लिहिते. तरीही पडदा सरकला की मागे इंग्रजीच उभी असते. कूटलिपीत किल्ली सापडली की काम संपते. भाषेत किल्ली नावाची वस्तूच नसते.

२०१९ मधील ‘हेवन्स व्हॉल्ट’ हा गेम याच्या दुसऱ्या टोकाला आहे. इंकल या ब्रिटिश स्टुडिओच्या या गेममध्ये आलिया नावाची पुरातत्त्वज्ञ आणि तिच्याबरोबरचा एक यंत्रमानव प्राचीन शिलालेख वाचत फिरतात. येथे शब्द लहान खुणांच्या जोडणीतून बनतात, आणि खेळाडूने लावलेला अर्थ बरोबर की चूक हे लगेच कळत नाही. चुकीचा अर्थ धरून आलिया पुढे बोलते, वाद घालते, एखाद्या जागेचा इतिहासही ठरवते, आणि तोच शब्द आणखी काही लेखांत भेटल्यानंतर केव्हातरी तो पक्का होतो किंवा गळून पडतो. अनेक खेळाडूंना ही अनिश्चितता त्रासदायक वाटते. मला ती संशोधकाच्या रोजच्या कामाच्या अधिक जवळची वाटते, जरी ‘सेनार’ची वही अधिक आनंद देते हेही खरे.

मग प्रत्यक्षातील संशोधकांपाशी अशी चित्रांची पाने नव्हती काय? क्वचित होती. रोझेटा शिलेचा दाखला सर्वांना ठाऊक आहे: इसवी सनपूर्व १९६ मधील एकच आज्ञापत्र दोन इजिप्शियन लिप्यांत आणि ग्रीकमध्ये, आणि १८२२ मध्ये शांपोल्याँ या फ्रेंच अभ्यासकाने लावलेला उलगडा. पण शेजारी अनुवाद नसताना काय करायचे, हा प्रश्न अधिक रंजक आहे. १८३७ मध्ये ब्रिटिश अभ्यासक जेम्स प्रिन्सेप सांची येथील स्तूपाच्या दगडी कठड्यांवरील छोट्या छोट्या लेखांच्या नकला पाहत होते. लिपी ब्राह्मी होती आणि तोवर तिचा उलगडा झालेला नव्हता. त्यांच्या लक्षात आले की यातील कितीतरी लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात. कठड्याच्या वेगवेगळ्या दगडांवर वेगवेगळे त्रोटक लेख असतील आणि त्यांचा शेवट तेवढा सारखा असेल, तर तेथे काय लिहिलेले असेल? ज्याने तो दगड दिला त्याचे नाव आणि ‘दानं’. या एका तर्काने ‘द’, ‘न’ आणि अनुस्वार हाती आले आणि त्यांच्या आधाराने उरलेली वर्णमाला झपाट्याने उलगडत गेली. अर्थ लिपीतून निघाला नाही. तो कठड्याच्या दगडातून आला, जसा गेममध्ये तो कळीतून आणि दरवाजातून येतो.

क्रीट आणि ग्रीस येथील मातीच्या पाट्यांवरील लिनिअर बी या प्राचीन लिपीची कहाणी गेममधील वहीशी याहून अधिक जुळते. अमेरिकेतील ॲलिस कोबर यांनी एकाही चिन्हाचा उच्चार माहीत नसताना, कागदाच्या तुकड्यांवर हाताने केलेल्या हजारो नोंदींवरून दाखवून दिले की काही शब्दांचे शेवट ठरावीक पद्धतीने बदलतात, म्हणजे या भाषेला विभक्ती आहेत. त्या १९५० मध्ये निवर्तल्या. दोन वर्षांनी मायकेल व्हेंट्रिस या वास्तुविशारदाने क्रीटमधील गावांची नावे काही शब्दांत असावीत असे गृहीत धरले आणि सगळी चिन्हे जागेवर बसू लागली. निघालेली भाषा होती ग्रीक. पुष्कळांना ते पटले नाही. तेवढ्यात ग्रीसमधील पायलोस येथील उत्खननात सापडलेली एक पाटी पुरातत्त्वज्ञ कार्ल ब्लेगेन यांनी व्हेंट्रिसच्या पद्धतीने वाचून पाहिली. तिच्यावर भांड्यांची यादी होती आणि प्रत्येक नोंदीसमोर त्या भांड्याचे चित्र होते. ‘ति-रि-पो’ असे वाचले गेलेल्या शब्दापुढे तीन पायांचे भांडे होते; चार कानांचे, तीन कानांचे आणि बिनकानाचे भांडे त्या त्या अर्थाच्या ग्रीक शब्दांपुढे होते. चित्रे आणि शब्द एका पानावर, आणि सगळे एकाच वेळी बरोबर. सुमारे बत्तीस शतकांपूर्वीच्या कोणा कारकुनाने वहीचे ते पान लिहून ठेवले होते.

लिनिअर बीच्या आधीची लिनिअर ए ही लिपी मात्र अजून उलगडलेली नाही. तिची बरीच चिन्हे लिनिअर बी सारखीच दिसतात, म्हणून त्यांचे उच्चार अंदाजाने करता येतात; ते केल्यावर ओळखीची कोणतीही भाषा ऐकू येत नाही. तिच्या पाट्यांवर नावांच्या, वस्तूंच्या आणि आकड्यांच्या याद्या आहेत. अनेक याद्यांच्या शेवटी ‘कु-रो’ असा शब्द येतो आणि त्याच्यापुढे एक आकडा. वरच्या आकड्यांची बेरीज केली की कित्येकदा तोच आकडा मिळतो. ‘कु-रो’ म्हणजे ‘एकूण’.