‘मला माहीत नाही, विचारून सांगतो’

तहसील कचेरीच्या खिडकीवर लोकांना सगळ्यात महागात पडतं ते अंदाजपंचे दिलेलं उत्तर. “हे तिकडं मिळंल, जा.” तिकडे गेल्यावर कळतं, ते तिथलं नाहीच. तोवर दुपार कलते, दिवसाचा रोज बुडतो, गावाकडची एसटी निघून जाते. असे हेलपाटे घातलेल्या माणसाला ‘माहीत नाही’ ऐकून राग येत नाही. भलत्याच दारात पाठवलं की येतो.

मराठवाड्यात तर न कळण्यासारखं खूप आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या संस्थानात होता. जुनी दप्तरं उर्दूत, काही फारसीत, काही मोडीत. कागदावर साल दिसतं १३४४, पण ते फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कारभारातलं साल. त्यात ५९० मिळवले की १९३४-३५ येतं. मदतमाशच्या, म्हणजे निर्वाहासाठी दिलेल्या, इनाम जमिनींची भानगड निराळीच. कोणती जमीन कोण कसतं याची नोंद असलेलं १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक आजही जमिनीच्या वादात बाहेर निघतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध जोरात सुरू झाला आणि हे कागद घरोघरी पोचले. नोकरीत नवीन लागलेल्या पोराला हे सगळं तोंडपाठ असावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्यानंही ती अपेक्षा धरलेली नाही. माहिती अधिकाऱ्याला दुसऱ्या अधिकाऱ्याची मदत मागता येते. अर्ज दुसऱ्या कार्यालयाचा निघाला, तर कलम ६(३) प्रमाणे तो ५ दिवसांच्या आत तिकडे पाठवायचा असतो. म्हणजे फिरायचं ते अर्जानं, अर्जदारानं नाही. ‘आमच्याकडं नाही’ म्हणून कागद खिडकीबाहेर सरकवणं, याला मी अज्ञानाची कबुली मानत नाही. ती टाळाटाळ.

(दृश्य : कचेरीची खिडकी, आतून)

आप्पांनी प्लास्टिकच्या पिशवीतून घडीवर चिरलेला कागद काढला. कारकुनानं चष्मा कपाळावर सारला, कागद डोळ्यांजवळ नेला, उजवीकडून डावीकडं बोट फिरवलं.

“आप्पा, आकडे लागायलेत, मजकूर लागंना. मला उर्दू येत नाही.”

“मग कुणाला इचारू?”

कारकुनानं लगेच उत्तर दिलं नाही. आप्पांच्या समोरच अभिलेख कक्षात फोन लावला, दोन-तीन गोष्टी विचारून घेतल्या. मग एका चिठ्ठीवर लिहिलं : गावाचं नाव, गट नंबर, जुना सर्व्हे नंबर, आणि खाली ‘भूमी अभिलेख – नकलेसाठी अर्ज’.

“उर्दू शाळेतल्या सरांकडून एकदा वाचून घ्या, म्हंजे साल आन् नाव कळंल. पण ते आपल्या समजुतीपुरतं. पुढं लावायला नक्कलच लागंल.”

आप्पांनी चिठ्ठी दोनदा वाचली, खिशात ठेवली. त्यांच्या मागच्या बाई वारसाच्या फेरफाराचं विचारायला आल्या होत्या. त्याची कागदपत्रं मात्र कारकुनानं एका दमात सांगितली, आणि बाईंनी ती तिथंच लिहून घेतली.