पाहुण्यानं ताट घेऊन यायचं का?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘खेळाची खरी किंमत’. तिकडे येतोच, पण आधी ही केबल बघा. एक टोक गेमक्यूब या टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेम कन्सोलला कंट्रोलरच्या जागी बसतं, दुसरं गेम बॉय अॅडव्हान्समध्ये, म्हणजे स्वतःचा पडदा असलेल्या, हातात धरायच्या गेमयंत्रात. वीस वर्षं जपून ठेवलीय.

२००४ साल. मी अमेरिकेत एमएस करत होतो. एका घरात आम्ही चौघं, तिघं पुण्याचे, एक साताऱ्याचा. डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता आणि आम्ही दुकानात उभं राहून दिसेल त्या वस्तूला ४५नं गुणायचो. गेमक्यूब आदल्या वर्षी ९९ डॉलरवर उतरला होता. वर्गणी काढली, डोई २५ डॉलर. सोबत घेतला ‘फायनल फँटसी क्रिस्टल क्रॉनिकल्स’, कारण तो चौघांना एकत्र खेळता येतो.

घरी येऊन नीट वाचलं. एकट्यानं खेळायचं तर साधा कंट्रोलर चालतो. दुसरा माणूस आला की प्रत्येकाकडे स्वतःचा गेम बॉय अॅडव्हान्स हवा, प्रत्येकाची वेगळी केबल हवी. नवा गेम बॉय तेव्हा १०० डॉलरचा. म्हणजे चौघांचे ४००, वर केबली. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, त्यात मसाला तिप्पट असतो. इथं तो चौपटीच्या वर गेला.

आम्ही दोन जुने गेम बॉय मिळवले. एका दुकानदारानं केबल म्हणून दोन गेम बॉय एकमेकांना जोडायची वायर दिली आणि परत घेतली नाही. तो आठवडा फुकट गेला. या जुन्या गेम बॉयच्या पडद्याला आतून उजेड नसायचा, आणि त्या हॉलमध्ये छताला दिवाही नव्हता. मग उभा दिवा टीव्हीशेजारी ओढायचा आणि त्याच्याखाली दोघांनी खांद्याला खांदा लावून बसायचं. ऐन लढाईत पेन्सिल सेल संपले की टीव्हीच्या रिमोटमधले काढायचे.

पण खेळ काय होता म्हणून सांगू! सगळीकडे विषारी धुकं. एकानं स्फटिकाचा चषक उचलायचा आणि बाकीच्यांनी त्याच्याभोवतीच्या वर्तुळात राहायचं. हातातल्या पडद्यावर प्रत्येकाला वेगळं दिसायचं. एकाला नकाशा, दुसऱ्याला राक्षस कुठे आहेत ते. त्यामुळे ‘अरे डावीकडे नको, डावीकडे नको!’ असा आरडाओरडा. शिवाय प्रत्येकाला एक गुप्त कामगिरी, ती दुसऱ्याला सांगायची नाही. टीव्हीवर हे दाखवलं असतं तर गुपित उरलंच नसतं. दुसऱ्या पडद्याला इथं खरंच काम होतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. त्याच वर्षीच्या ‘झेल्डा फोर स्वोर्ड्स अॅडव्हेंचर्स’मध्ये गुहेत शिरलात की तुम्ही टीव्हीवरून नाहीसे होऊन हातातल्या पडद्यावर उतरायचात. तिथंही अट तीच, डोई एक गेम बॉय.

आणि आमच्यातले दोघं मागं सोफ्यावर बसून बघायचे. साताऱ्याचा मित्र तर ‘तुम्ही खेळा रे, मी भात टाकतो’ म्हणून उठायचा. दोन-तीनदा उठला, मग बसेनासाच झाला. पंगतीला बोलावून ताट घरून आणा म्हणण्यातला हा प्रकार, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर मूळ मुद्दा भराभर सांगतो. कन्सोलची किंमत घरटी एकदाच पडते, जास्तीच्या यंत्राची माणशी पडते. म्हणून माझं म्हणणं, किमतीचा हिशेब खेळ आखतानाच करा. ‘पॅक-मॅन व्हर्सेस’ बघा, २००३चा. त्यात भुतं पॅक-मॅनचा पाठलाग करतात. एकच गेम बॉय पुरतो, तो पॅक-मॅन झालेल्याच्या हातात. भुतं झालेल्या तिघांना साधे कंट्रोलर. लपवाछपवी पूर्ण, खर्च एका यंत्राचा.

पुढे २०१२मध्ये वी यू हा कन्सोल आला, त्यात पडद्याचा कंट्रोलर डब्यातच मिळायचा. २०१४च्या ‘जॅकबॉक्स पार्टी पॅक’ या घोळक्यानं खेळायच्या खेळांच्या संचानं तर पाहुण्याच्या खिशातला मोबाइलच वापरला. क्रिस्टल क्रॉनिकल्स २०२०मध्ये नव्यानं आला तेव्हा केबली गेल्या, पण एका टीव्हीसमोर बसून खेळणंही गेलं. एकत्र खेळायचं ते फक्त ऑनलाइन. खर्च वाचवायचा तो असा नव्हे. हॉलमध्ये बसलेल्या चौघांचं काय?

बाकीचं प्रश्नोत्तरांत बोलू. केबल इथं टेबलावर ठेवतो, हातात घेऊन बघायची असेल त्यांनी पुढे या.