जग वाचवणारी पोरगी चिडकी असली तर?

नमस्कार मंडळी, आज एका पिक्चरबद्दल बोलू, लहानमोठ्या सगळ्यांनी मिळून बघायचा असतो तसला साय-फाय. 'अ रिंकल इन टाईम', 2018 चा, डिस्नेचा. मूळ कादंबरी मॅडलिन लेंगल यांची, 1962 ची. मेग नावाची शाळकरी पोरगी, तिचे शास्त्रज्ञ बाबा गायब झालेत, आणि ती, तिचा धाकटा भाऊ आणि एक मित्र असे तिघं त्यांना शोधत थेट दुसऱ्या ग्रहांवर पोचतात. सोबत तीन अजब बायका, त्यातली एक ओप्रा विन्फ्री आणि एक आपल्या भारतीय वंशाची मिंडी केलिंग.

आता पुस्तकातलं घर गोऱ्यांचंच, असं वाचणारे वर्षानुवर्षं धरून चालले होते. दिग्दर्शिका आव्हा डुव्हर्ने, स्वतः कृष्णवर्णीय, त्यांनी मेगची आई कृष्णवर्णीय, बाबा गोरे, धाकटा भाऊ दत्तक घेतलेला असं घर उभं केलं. दहा कोटी डॉलरच्या वरचा पिक्चर हॉलिवूडने कृष्णवर्णीय बाईच्या हातात दिला तो तेव्हा पहिल्यांदाच, एवढी वर्षं लागली बघा.

मला मात्र त्यातलं दुसरंच काहीतरी जास्त भावलं. मेग चिडकी आहे हो! शाळेत घसरलीये, त्रास देणाऱ्या पोरीच्या तोंडावर सरळ बॉल मारते, स्वतःच्या कुरळ्या केसांवर नाराज, कोणी केस छान म्हटलं तरी तिला पटत नाही. आणि त्या तिघींपैकी एक तिला भेट काय देते, तर तिचेच दोष! पुढे तिच्यासमोर तिचंच एक गुळगुळीत रूप उभं राहतं, सरळ केस, चष्मा नाही, आणि ती ते नाकारते. नाहीतर नेहमी काय होतं, वेगळ्या रंगाचं पोर घेतलं की त्याला इतकं गुणी करून टाकतात की ते पोर राहतच नाही, नुसतं पोस्टर.

पिक्चर सगळाच जमलाय असं नाही हं. कॉम्प्युटरची करामत आणि झगमग कपडे यातच गोष्ट मधे दमते, तिकीटबारीवरही आपटला. हेतू चांगला म्हणून मी मार्क वाढवून देणार नाही.

पण आपल्याकडे असा पिक्चर निघाला तर? सामान तर तयारच आहे. नारळीकर सरांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, मराठीत विज्ञानकथा लिहून पोरांना वेड लावलं. आणि पुण्याहून नाशिक रोडने नारायणगावला जाऊन खोडदकडे वळलात की जीएमआरटी, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, त्यातल्या काही तर पार लांबलांब शेतांमधून पसरलेल्या. म्हणजे तिथली झेडपीच्या शाळेतली पोरगी टोमॅटो तोडताना मान वर करते तर समोर आकाश ऐकणारी ही एवढी मोठी डिश, अजून काय पाहिजे सांगा!

फक्त माझी भीती वेगळीच आहे. बटणं दाबणार पेठेतला हुशार बंड्या आणि ही त्याला भाकरी आणून देणार. किंवा नायिका केलीच तर पहिला नंबर, दोन वेण्या, मोठ्यांना नमस्कार. आणि तिची जुन्नरकडची बोली आली की थेटरात हशा. आता म्हणाल लोकांना तेच आवडतं, तर तसंही नाही, 2016 मध्ये 'सैराट'मधली आर्ची करमाळ्याकडच्या बोलीत दटावत, बुलेट हाकत आली आणि अख्ख्या महाराष्ट्राने तिला डोक्यावर घेतली की. मग तशीच एक पोरगी अँटेनाखाली उभी करायला काय हरकत आहे? गणितात तेज, पण गृहपाठ न करणारी, भावाशी भांडणारी, आणि परग्रहावरच्या पाहुण्याला आपल्या बोलीत झापणारी. आणि हो, तेव्हा खाली प्रमाण मराठीत सबटायटल टाकू नका म्हणजे झालं.