२६० नंबरचं तळं

नमस्कार श्रोतेहो. कॅनडात ओंटारिओ प्रांतात संशोधनासाठी राखलेलं एक तळं आहे. त्याला नाव नाही, नंबर आहे: २६०. २००१ ते २००३, सलग तीन उन्हाळे, शास्त्रज्ञांनी त्यात गर्भनिरोधक गोळीतलं इथिनिल एस्ट्राडिओल, म्हणजे कृत्रिम स्त्री-संप्रेरक, सोडलं. किती? लिटरमागे ५ ते ६ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे अब्जावे भाग. आपल्या इंदूरच्या मापात सांगते. कबीटखेडीचा सांडपाणी शुद्ध करणारा मोठा प्लांट दिवसाला २४.५ कोटी लिटरसाठी बांधलेला आहे. तेवढ्या पाण्यात हे औषध सव्वा ग्रॅम. माला-डी या गर्भनिरोधकाच्या चाळीसेक हजार गोळ्यांतलं. पुन्हा सांगते, साडेचोवीस कोटी लिटरला सव्वा ग्रॅम!

एवढ्यानं काय व्हावं? तिथल्या बोटाएवढ्या मिनो माशांच्या नरांत अंड्याच्या बलकाचं प्रथिन तयार होऊ लागलं, वृषणांत अंडपेशी सापडल्या. हा मासा जगतोच दोन-तीन वर्षं. मागून पिल्लं आली नाहीत आणि बघता बघता मिनो जवळजवळ संपले. त्यांच्यावर पोसले जाणारे ट्राउट मासेही घटले. औषध थांबवलं, तेव्हा काही वर्षांनी मिनो परत वाढले. म्हणजे पाणी सुधारतं, श्रोतेहो. आपली कान्ह नदीही सुधारेल.

आपण घेतलेली औषधंही शेवटी सांडपाण्यात जातात. प्लांटमधले जिवाणू त्यातलं पॅरासिटामॉल बहुतेक फस्त करतात. फिटवरचं कार्बामाझेपिन मात्र जवळपास जसंच्या तसं बाहेर पडतं. साबणातलं ट्रायक्लोसान गाळाला चिकटतं. यावर उपाय दोन: लिटरला १० ते २० मिलिग्रॅम सक्रिय कोळशाची भुकटी, किंवा ओझोन वायू, पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनच्या ग्रॅममागे साधारण अर्धा ग्रॅम. पण जिवाणूंच्या टाकीनंतरच. आधी सोडला तर ओझोन मैल्यावरच खर्च होतो. त्यापुढे वाळूचा फिल्टर हवाच, कारण ओझोननं झालेले औषधांचे तुकडे तिथले जिवाणू खातात. पाण्यात ब्रोमाइड जास्त असेल तर ओझोननं घातक ब्रोमेट बनतं. तिथे कोळसाच बरा.

युरोपीय संघानं २०२४ मध्ये या खर्चाचा किमान ८० टक्के भार औषध आणि सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्यांवर टाकला. अगदी योग्य केलं. नळपट्टी भरणाऱ्यानं तरी किती सोसायचं?

आणि घरात? गुडघ्याला डायक्लोफेनॅकचं जेल चोळता ना? त्यातलं जेमतेम ६ टक्के अंगात जातं, बाकीचं आंघोळीबरोबर गटारात. म्हणून जेल आंघोळीनंतर लावा, आधी नको. लावलेला हात पहिल्यांदा कागदाला पुसा आणि मगच धुवा. तो कागद आणि मुदत संपलेल्या गोळ्या कचरागाडीच्या घातक कचऱ्याच्या कप्प्यात टाका.