सकाळची पहिली लघवी

फोंडा तालुक्यातील हे चिऱ्यांचे घर. पावसाची झड लागून पंधरवडा झाला, कपाटामागच्या भिंतीवर बुरशी चढली आहे आणि ओसरीवर चार वर्षांचा मुलगा आजीच्या मांडीला टेकून खोकतो आहे.

आता दवाखान्यातील दृश्य पाहा. यंत्राच्या नळीत छाती भरून घेतलेला श्वास त्याने एका दमात, अगदी संपेपर्यंत जोराने सोडायचा आहे. पहिल्या वेळी तो हसला, दुसऱ्या वेळी त्याने नळी चावली, तिसऱ्या वेळी तो रडला. पाच वर्षांखालील मुलांमध्ये फुप्फुसांची ही फुंकण्याची चाचणी सहसा भरवशाची ठरत नाही, आणि त्यात मुलाचा काही दोष नाही.

दम्याची सूज तपासायला लघवी मात्र तो देऊ शकतो. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आई निळ्या झाकणाची डबी धरते, वेळ लिहिते आणि डबी बर्फाच्या थर्माकोल पेटीत ठेवते. ना सुई, ना नळी.

दम्यात श्वासनलिका सुजतात, तेव्हा मास्ट पेशी आणि इओसिनोफिल पेशी या रोगप्रतिकारक पेशी काही द्रव्ये सोडतात, ज्यांच्यामुळे नलिका आकसतात आणि कफ वाढतो. १९७९ साली बेंग्ट सॅम्युएल्सन यांनी त्यांना ल्युकोट्रिन हे नाव दिले. १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. या द्रव्यांचा अखेरचा अवशेष, ल्युकोट्रिन ई-४, मूत्रपिंडांतून लघवीत उतरतो. तो पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागात मोजावा लागतो, म्हणून रेणूंना वस्तुमानावरून ओळखणारे वस्तुमान वर्णपटमापीसारखे (मास स्पेक्ट्रोमीटर) संवेदनशील यंत्र वापरतात. मुलाने रात्री किती पाणी प्यायले यावर लघवी पातळ की दाट हे ठरते. तो फरक काढण्यासाठी त्याच नमुन्यातील क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून येऊन लघवीत उतरणारा टाकाऊ पदार्थही मोजतात आणि त्याच्या प्रत्येक मिलिग्रॅममागे आकडा मांडतात. नमुना लगेच तपासायचा नसेल, तर उणे ८० अंशांवर गोठवतात.

घरातल्या विडी-सिगारेटच्या धुरानेही हा आकडा वाढतो. ओसरीवर विडी ओढणाऱ्यांनी एवढे तरी ऐकावे. विषाणूजन्य सर्दीनेही तो चढू शकतो, त्यामुळे एकाच मोजणीवर निष्कर्ष काढता येत नाही. लघवीची ही चाचणी नेहमीच्या उपचारांत अजून रुळलेली नाही, आणि आकडा कोणताही आला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दम्याच्या औषधाचा पंप थांबवायचा नाही.

आई पंप स्पेसरला, म्हणजे औषधाचा फवारा धरून ठेवणाऱ्या नळकांड्याला, जोडते आणि मास्क मुलाच्या तोंडावर धरते. आजी त्याचे श्वास बोटांवर मोजते आहे.